चित्राचे पैसे आणि चित्राचा हक्क



वऱ्हाडच्या माणसाला मार्का म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. आपल्या आजोबांच्या काळापासून अकोला, अमरावती, खामगाव इथल्या जिनिंग-प्रेसिंगमधून कापसाच्या गाठी मुंबईला गेल्या. १९२५ साली कायदा झाला आणि गाठीवर प्रेसची खूण व क्रमांक घालणे सक्तीचे झाले. गाठीत खोट निघाली, तर ती कोणत्या प्रेसची हे मुंबईत बसलेला व्यापारी खूण पाहून सांगू शके. तेव्हा खूण कोणाची, या प्रश्नाची किंमत आपण जाणून आहोत.

पण ती खूण काढणारा हात कोणाचा, आणि त्या हाताने काढलेल्या चित्रावर हक्क कोणाचा, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. आज तोच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे. डाळीच्या कट्ट्यावरचे चित्र, वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पेटीवरची चिठ्ठी, बचत गटाच्या पापडाचे लेबल, शाळेचे बोधचिन्ह, वार्षिकांकाचे मुखपृष्ठ, यात्रेचा फलक, ही सारी चित्रे कोणी तरी सांगितली म्हणून कोणी तरी काढलेली असतात. सांगणारा पैसे देतो, काढणारा चित्र देतो, आणि व्यवहार संपला असे दोघांनाही वाटते. तो संपलेला नसतो. कसा, ते माझ्या अनुभवावरूनच सांगतो.

मी चित्रकलेचा मास्तर. १९८४ साली अकोल्याकडचे एक डाळमिलवाले माझ्याकडे आले. त्यांचे नाव सांगत नाही, कारण घर चांगले आहे आणि मुले हयात आहेत. म्हणाले, "गुरुजी, आपल्या डायीच्या कट्ट्यावर टाकाले एक मस्त चित्र काढून द्या बरं. लोकाईनं दुरून पाह्यलं तं म्हनलं पायजे, हे आपली डाय." मी दोन रात्री कंदिलाशी बसून शाईने चित्र काढले. जात्याशी बसलेली बाई, तिच्या मागे शेंगांनी लदलेली तूर, आणि खाली वळणदार अक्षरांत मिलचे नाव. त्यांनी मला दीडशे रुपये दिले, वर पाच किलो डाळ दिली. मीही खूश, तेही खूश. कागद झाला नाही. तो व्हायला हवा, हे दोघांच्याही मनात आले नाही.

त्या चित्राने चांगली पंचवीस वर्षे धंदा केला. मग म्हातारे वारले आणि २००९ साली दोन मुलांची वाटणी झाली. वाटणीपत्रात मिल आली, गोदाम आले, वजनकाटा आला, गावातली बखळसुद्धा आली. कट्ट्यावरच्या चित्राचे नाव कोठे नव्हते. थोरल्याने जुनी मिल चालवली, धाकट्याने दुसरी टाकली, आणि दोघांनीही कट्ट्यांवर तेच चित्र छापले. बाजारात गिऱ्हाईक विचारू लागले, "काहून बाप्पा, हे खरी का ते खरी?" भाऊ-भाऊ वकिलाकडे गेले. अमरावतीच्या त्या वकिलांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा:

"चित्र काढलं कोणी?"

"गुरुजीनं."

"गुरुजी तुमच्या मिलमध्ये नोकरीला होते काय?"

"नाही जी, ते तं शायेत मास्तर व्हते."

"मग गुरुजींनी तुमच्या वडिलांना काही लिहून दिलं होतं?"

"लिहून कायले देतीन? पैसे देल्ले ना बाबानं."

वकील म्हणाले, "पैसे दिले ते चित्र काढण्याचे. हक्क लिहून घेतलेला नाही. मिलच्या नावाचा, बाजारातल्या ओळखीचा वाद व्यापारचिन्हाच्या कायद्यात वेगळा चालेल. पण चित्राचा विचाराल, तर ते अजून गुरुजींचंच आहे."

त्याच संध्याकाळी दोघेही भाऊ माझ्या दारात उभे राहिले. एक आत आला, दुसरा ओट्यावरच थांबला. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी वकिलांनी असे का म्हटले, ते पाहू.

आपल्या देशात स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा १९५७ साली झाला आणि जानेवारी १९५८ पासून तो लागू आहे. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, त्यांतल्या १९९४ आणि २०१२ सालच्या मोठ्या. या कायद्याच्या दृष्टीने चित्र, रेखाटन, नकाशा, तक्ता, कोरीवकाम, छायाचित्र या सर्व कलाकृती होत. त्या सुंदर असाव्यात अशी अट नाही. कच्च्या हाताने काढलेले लेबलसुद्धा कलाकृतीच. आणि हक्क मिळवण्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही. चित्र कागदावर उतरले की हक्क जन्माला आला.

तो कोणाचा? मूळ नियम सोपा आहे: ज्याने केले त्याचा. मात्र या नियमाला कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत, आणि ते नीट ध्यानात घ्या, कारण गोंधळ तिथेच होतो.

पहिला अपवाद नोकरीचा. छापखान्यात किंवा कंपनीत पगारी चित्रकार असेल आणि त्याने नोकरीचे काम म्हणून चित्र काढले, तर उलट करार नसल्यास हक्क मालकाचा. वर्तमानपत्राच्या नोकरीत मालकाचा हक्क वर्तमानपत्रात छापण्यापुरता असतो, बाकीचा चित्रकाराकडे राहतो.

दुसरा अपवाद फोटोचा आणि तसबिरीचा. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, रंगीत चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले, कोरीवकाम करून घेतले, तर उलट करार नसल्यास हक्क पैसे देणाराचा. म्हणून तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो तुम्ही पैसे देऊन काढून घेतले असतील, तर त्यांचा हक्क तुमचा. फोटोग्राफरला ते आपल्या दुकानाच्या काचेत किंवा जाहिरातीत लावायचे असतील, तर त्याने तुम्हाला विचारले पाहिजे.

तिसरा अपवाद सरकारचा. सरकारी खात्याने किंवा सरकारी महामंडळाने आपल्या देखरेखीखाली करून घेतलेले काम, उलट करार नसेल तर, त्या खात्याचे किंवा महामंडळाचे.

आता दुसऱ्या अपवादाची यादी पुन्हा मनात आणा. फोटो, रंगीत चित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम. रेखाटन त्यात नाही. लेबल नाही, बोधचिन्ह नाही, अक्षरांचे वळण नाही. म्हणून स्वतंत्र धंदा करणाऱ्या पेंटरने किंवा संगणकावर काम करणाऱ्या चित्रकाराने तुम्हाला बोधचिन्ह करून दिले, तर तुम्ही पैसे दिले तरी हक्क मूळ नियमाने त्याच्याकडेच राहतो. कोणी म्हणेल, पेंटरने ब्रशने रंगवले म्हणजे ते रंगीत चित्र झाले, आणि हक्क आमचा. असा वाद घालता येतो. पण असा वाद घालण्यात कोर्टाच्या तारखांवर तारखा जातात. कागद असता तर तो वाद उभाच राहिला नसता.

हा मुद्दा शेतकरी बंधूंना मी शेताच्या भाषेत सांगतो. कागदावरचे चित्र म्हणजे शेतातला माल, आणि त्या चित्राचा हक्क म्हणजे शेत. तुम्ही पोतेभर तूर विकत घेतली म्हणून शेत तुमच्या नावावर होत नाही. सातबारा बदलायचा तर खरेदीखत लागते. तसेच चित्राचा हक्क पूर्णपणे घ्यायचा तर चित्रकाराने सही करून लिहून दिले पाहिजे. तोंडी दिलेला हक्क कायद्याने दिलेलाच होत नाही.

पण शेत नेहमी विकतच घ्यावे लागते असे नाही. आपण ठोक्याने घेतो, बटईने घेतो. मालकी एकाची राहते, वहिती दुसरा करतो. चित्राच्या बाबतीत याला परवाना म्हणतात. चित्रकार सांगतो, "चित्र माझेच राहील, तुम्ही ते तीन वर्षे, फक्त डाळीच्या कट्ट्यांवर, फक्त महाराष्ट्रात वापरा." हा परवाना एकट्यालाच देता येतो किंवा चौघांनाही देता येतो. एकट्याचा असेल तर किंमत जास्त, चौघांचा असेल तर कमी. परवानासुद्धा लेखीच हवा. कागदच नसेल, तर ज्या कामासाठी चित्र घेतले त्या कामापुरती परवानगी व्यवहारातूनच मिळाली असे घेणारा म्हणू शकेल. पण ते त्याचे म्हणणे झाले, पुरावा झाला नाही. आणि कट्ट्यासाठी घेतलेले चित्र उद्या मसाल्याच्या पुडीवर, परवा घड्याळाच्या तबकडीवर छापले, तर तेवढे म्हणणेही टिकणे कठीण.

आता एक बारकावा, जो चांगल्या चांगल्या संस्थांना ठाऊक नसतो. हक्क लिहून देणाऱ्या कागदावर चित्र कोणते, हक्क कोणते, किती काळासाठी, कोणत्या मुलखापुरते आणि किती मोबदल्यात, हे लिहिले पाहिजे. मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षे धरतो. मुलूख लिहायचा राहिला तर भारतापुरता धरतो. म्हणजे असे पाहा: एखाद्या बचत गटाने पेंटरकडून लेबल घेतले, "सर्व हक्क दिले" अशी एक ओळ लिहून घेतली आणि मुदत लिहिली नाही. पाच वर्षांत गटाच्या मिरचीचे नाव झाले, दुकानदार लेबल पाहून माल मागू लागले, आणि नेमका त्याच वेळी चित्राचा हक्क पेंटरकडे परत गेला. पेंटर भला असेल तर ठीक. तो नसला, किंवा तो वारला आणि त्याचे वारस आले, तर गटातल्या बायांनी कोणाच्या दारात उभे राहायचे?

आणखी एक. घेतलेला हक्क एका वर्षाच्या आत वापरलाच नाही, तर कागदात वेगळे लिहिले नसल्यास तो संपतो. शेत घ्यायचे आणि पडीक ठेवायचे, हे इथे चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने असेही ठरले की, कागद करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा धंद्यात वापरात नव्हते, त्यातला हक्क दिला असे समजले जाणार नाही. तसे स्पष्ट लिहिले असेल तरच तो जातो.

आपण म्हणाल, गुरुजी, या खेड्यातल्या लहान लोकांच्या चुका झाल्या; मोठ्या कंपन्या पक्क्या असतात. तसे नाही. कॅम्लिनचे नाव तुमच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. दांडेकरांनी मुंबईत १९३१ साली काढलेला हा उद्योग. १९८० च्या दशकात कॅम्लिनच्या फ्लोरा पेन्सिलीच्या खोक्यासारखे खोके दुसऱ्या एका पेन्सिलवाल्याने काढल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने विचारले, हे खोके चितारणारा माणूस कोण? कायद्यातला कर्ता माणूस असतो. यंत्रावर छापलेल्या खोक्याचा कर्ता कोण हेच कळत नसेल, तर त्यावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असे मत त्या न्यायालयाने त्या टप्प्यावर दिले. यातून आपण घ्यायचे ते एवढे: चित्र कोणी काढले, कधी काढले, याची नोंद ठेवा. चित्रकाराचे कच्चे आराखडे, तारीख आणि त्याची सही जपून ठेवा.

उलट, आधी लिहून ठेवले म्हणजे काम कसे सरळ होते, याचे एक उदाहरण तुमच्या खिशातच आहे. पाचशेची नवी नोट काढा आणि मागची बाजू पाहा. त्यावर गांधीजींचा चष्मा दिसेल. ते स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह. ते काढले आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी. २०१४ साली सरकारने खुली स्पर्धा ठेवली होती, आणि या चित्राला पन्नास हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. पुढे ते चित्र भिंतींवर, गाड्यांवर, कागदांवर आणि २०१६ पासून नोटांवरही आले. अशा स्पर्धांच्या नियमांत जिंकलेल्या चित्राचे हक्क आयोजकांकडे जातील, असे आधीच लिहिलेले असते. ते वाचून, मान्य करूनच चित्रकार चित्र पाठवतो. तुमच्या गावातली एखादी संस्था बोधचिन्हाची स्पर्धा ठेवील, तेव्हा तिनेही हे आधी लिहावे. आणि चित्र पाठवणाऱ्यानेही नियम वाचावेत. हक्क फक्त जिंकलेल्या चित्राचे जाणार की आलेल्या सगळ्याच चित्रांचे, हे जरूर पाहावे. न जिंकलेल्या पोराचे चित्र ठेवून घेण्यात न्याय नाही.

आता चित्रकारांसाठी एक गोष्ट. हक्क विकला म्हणजे सगळेच गेले असे समजू नका. हे चित्र मी काढले, असे म्हणण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. चित्राची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लावणाऱ्याला अडवण्याचा हक्कही राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल या शिल्पकाराने ब्राँझचे मोठे भित्तिशिल्प केले होते. १९५७ साली सरकारने ते काम त्यांना सांगितले, आणि ते पुरे व्हायला कितीतरी वर्षे लागली. १९७९ साली ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकले गेले, त्याचे तुकडे झाले. काम सरकारने सांगितलेले, पैसे सरकारने दिलेले. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सहगलांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत द्यावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. म्हणून मी संस्थांना सांगतो, तुमच्या भिंतीवर कोणी चित्र काढून दिले असेल, तर त्यावर चुना मारण्यापूर्वी काढणाऱ्याला एकदा विचारा. त्यात कायद्याचे भय थोडे आणि माणुसकी जास्त आहे.

हा हक्क किती वर्षे टिकतो? चित्रकाराच्या हयातीत, आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांची चित्रे आज कोणीही छापू शकतो. दीनानाथ दलालांची चित्रे मात्र, ज्यांची मुखपृष्ठे आणि दिवाळी अंक आपल्या पिढीने जपून ठेवले, अजून मोकळी झालेली नाहीत. दलाल १९७१ साली गेले, म्हणून मुदत २०३१ च्या अखेरीपर्यंत. त्यातल्या कोणत्या चित्राचा हक्क कोणाकडे, हे त्या त्या वेळी झालेल्या व्यवहारावर ठरते. तेव्हा जुन्या दिवाळी अंकातले चित्र "जुने आहे" म्हणून तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापू नका.

इथे शिक्षक मित्रांशी थोडे बोलतो. वर्गात शिकवताना फळ्यावर किंवा तक्त्यावर एखादे चित्र उतरवून घेणे, प्रश्नपत्रिकेत वापरणे, याला कायद्याने सूट दिली आहे. त्यासाठी घाबरू नका. पण शाळेचा वार्षिकांक, स्नेहसंमेलनाचा फलक, प्रवेशाची जाहिरात, ही शिकवणी नव्हे. मोबाईलवर सापडलेले चित्र तिथे लावले तर सूट मिळत नाही. चित्र कोणी तरी काढलेले असते. ते मोबाईलवर फुकट दिसले म्हणून फुकट होत नाही.

दुसरे असे की, तुमच्या वर्गातल्या मुलाने काढलेले चित्र त्या मुलाचे असते. तो शाळेचा नोकर नाही. सातवीतल्या पोरीने काढलेला बैलपोळा वार्षिकांकाच्या मुखपृष्ठावर घ्यायचा असेल, तर तिच्या आईवडिलांची लेखी संमती घ्या, आणि आत तिचे नाव छापा. त्या एका ओळीने त्या पोरीला जे समजेल, ते दहा तासिका घेऊन तुम्ही-आम्ही समजावू शकणार नाही.

आणि चित्रकलेच्या मास्तरांना विचारतो: शाळेचे बोधचिन्ह तुम्ही काढले, ते नोकरीचे काम म्हणून की गावाच्या प्रेमापोटी रात्री घरी बसून? दोन्हींचे उत्तर कायद्यात वेगळे निघू शकते. मुख्याध्यापकांबरोबर एक कागद करून ठेवा. तुम्ही निवृत्त झाल्यावर कोणाला अवघड जायला नको.

आता तो कागद कसा लिहायचा ते सांगतो. त्यासाठी मोठ्या वकिली भाषेची गरज नाही. आपल्या मराठीत, स्वच्छ अक्षरांत लिहिला तरी चालतो. पेन्सिल-कागद जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिल्या ओळीत दोघांची नावे, गाव आणि तारीख. दुसऱ्या ओळीत चित्र कोणते, याचे वर्णन, आणि चित्राची एक प्रत कागदाला जोडून तिच्यावर दोघांच्या सह्या. तिसऱ्या ओळीत चित्र कशासाठी: कट्ट्यावर, पेटीवर, दुकानाच्या पाटीवर, जाहिरातीत, मोबाईल व इंटरनेटवर. चौथ्या ओळीत हक्क पूर्ण दिला की फक्त वापरण्याची परवानगी दिली. पाचव्या ओळीत मुदत. हक्क कायमचा घ्यायचा असेल तर "कायद्याने हक्क टिकेल त्या संपूर्ण काळासाठी" असे लिहा. नुसते "कायम" लिहून थांबू नका. सहाव्या ओळीत मुलूख: महाराष्ट्र, भारत की सारे जग. उद्या तुमची हळद दुबईला गेली तर काय, हे आजच लिहा. सातव्या ओळीत रक्कम, आणि ती कधी देणार. हक्क पैसे पोचल्यावर जाईल की आधीच, हेही इथेच लिहा. आठव्या ओळीत चित्राची मूळ प्रत किंवा संगणकावरची मूळ फाइल कोणाकडे राहील, आणि पुढे बदल करायचे तर कोणी करायचे. शेवटी दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि कागदाच्या दोन प्रती, एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे.

संस्था असेल तर कागद एखाद्या सदस्याच्या नावाने न करता संस्थेच्या नावाने करा. अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात, संस्था राहते. आणि कधी काळी वाटणी झाली, तर वाटणीपत्रात मिल आणि गोदामासोबत चित्राचाही उल्लेख करा.

ज्यांना आणखी पक्के करायचे असेल, त्यांनी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करावी. ती सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. साध्या कलाकृतीची फी पाचशे रुपये आहे. मालावर वापरायच्या चित्राची फी दोन हजार, आणि त्यासाठी व्यापारचिन्ह निबंधकाचा दाखलाही लागतो. अर्ज करणारा आणि काढणारा वेगवेगळे असतील, तर काढणाऱ्याचे ना-हरकत पत्र मागतात. म्हणजे तिथेही गाठ चित्रकाराशीच पडते! आणि कोणी चित्र चोरलेच, तर दाव्यासाठी दिल्ली-मुंबईला धावावे लागत नाही. ज्याचा हक्क आहे तो जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. अमरावतीच्या माणसाला अमरावती, अकोल्याच्या माणसाला अकोला.

काही जण म्हणतात, पेंटरकडून एवढे लिहून घेतले तर तो जास्त पैसे मागेल. मागू द्या ना! त्याने फक्त चित्र दिले तर किंमत एक, शेतच दिले तर किंमत दुसरी. आणि पेंटरबंधूंनो, तुम्हीही ध्यानात घ्या. कागद मागितला म्हणजे गिऱ्हाईक अविश्वास दाखवते असे समजू नका. आपण सोयऱ्याला शेत दिले तरी लिखापढी करतोच. तिने सोयरीक तुटत नाही, उलट टिकते.

आता त्या दोन भावांचे राहिले.

दोघांनीही मला पैसे देऊ केले. १९८४ सालच्या दीडशेपुढे ते फारच मोठे होते. मी घेतले नाहीत, पण कोणाला तरी लिहून देणे भाग होते, कारण तोवर दोघांचाही माल बाजारात पडून होता. दोघांना मिळून लिहून देतो म्हटले, तर ते एका कागदावर सही करायला तयार होईनात. शेवटी जुनी मिल थोरल्याकडे होती म्हणून मी चित्र थोरल्याला लिहून दिले. धाकट्याला म्हणालो, "बाबू, तुले मी नवं काढून देतो, याहून चांगलं काढतो, अन् पैसा एक घेत नाही." तो काही बोलला नाही. पायऱ्या उतरून गेला, तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. लहानपणी तो माझ्याकडेच चित्रकला शिकला होता.

मी बरोबर केले की नाही, ते अजून मला सांगता येत नाही. पण एवढे खरे की, तो निवाडा करणे माझे काम नव्हते. तो त्यांच्या वडिलांनी आणि मी १९८४ सालीच, डाळ मोजून घेण्याच्या आधी, एका कागदावर करून ठेवायला हवा होता. आम्ही दोघेही जिवंत होतो, एकमेकांवर विश्वास होता, आणि कागद चार आण्यांचा होता.

श्रोतेहो, आपल्या दुकानात, गटात, संस्थेत, शाळेत जे चित्र रोज वापरात आहे, ते उद्या सकाळी एकदा नीट पाहा. ते कोणी काढले, हे आठवा. तो माणूस हयात असेल तर त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि दोघे मिळून तो कागद लिहून टाका.